आधी आशय, मग वेलांटी

गणपतीपुळे हे नाव लिहायचे कसे, ऱ्हस्व 'ति' घालून की दीर्घ 'ती' घालून? रत्नागिरी जिल्ह्यातील या सुप्रसिद्ध क्षेत्राच्या सहलीवर निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे शीर्षक लिहितानाच हा प्रश्न उभा राहतो. छापील मजकुरात दोन्ही रूपे आढळतात. 'गणपति' हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला ऱ्हस्व इकारान्त शब्द. मराठीत तो एकटा लिहिताना 'गणपती' असा दीर्घान्त लिहावा, परंतु समासात पहिले पद म्हणून आला तर ऱ्हस्वच ठेवावा, असे मराठीचे लेखनविषयक नियम सांगतात. 'कवी' पण 'कविचरित्र', 'बुद्धी' पण 'बुद्धिवैभव', या न्यायाने 'गणपतिपुळे' हे रूप नियमाला धरून होते. दुसरीकडे, गावाचे नाव हे विशेषनाम आहे आणि व्यवहारात 'गणपतीपुळे' हेच रूप अधिक रुळलेले दिसते.

मग शिक्षकाने किंवा पालकाने कोणते रूप बरोबर ठरवावे? उत्तर असे की, दोहोंपैकी कोणत्याही रूपाला कारण देता येते. मात्र एकाच निबंधात दोन्ही रूपे आली तर त्याला कोणतेही कारण देता येत नाही. निबंध तपासणे म्हणजे केवळ चूक शोधणे नव्हे, तर लिहिणाऱ्याने घेतलेला निर्णय विचारपूर्वक घेतला आहे की नाही, हे पाहणे होय. ही गोष्ट एका वेलांटीपुरती खरी आहे, तशीच ती संपूर्ण निबंधालाही लागू पडते. प्रस्तुत मजकुरात व्यवहारातील 'गणपतीपुळे' हेच रूप ठेवले आहे.

नियमांत डोकावणारे मालगुंड

गणपतीपुळ्याहून पायी जाण्याजोग्या अंतरावर मालगुंड हे गाव आहे. आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक मानले जाणारे कृष्णाजी केशव दामले ऊर्फ केशवसुत यांचा जन्म १८६६ साली येथे झाला. त्यांचे जन्मघर जतन करण्यात आले असून कोकण मराठी साहित्य परिषदेच्या पुढाकाराने उभे राहिलेले त्यांचे स्मारक १९९४ पासून पाहावयास मिळते. गणपतीपुळ्यास येणाऱ्या अनेक शालेय सहली या स्मारकासही भेट देतात.

परंतु शुद्धलेखनाशी केशवसुतांचा संबंध आणखी निकटचा आहे. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले चौदा लेखनविषयक नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये मान्य केले. पुढे १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. त्यांतील पंधराव्या नियमात केशवसुतांचे नाव येते. केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मूळ लेखनानुसार छापावे. मात्र या दोघांपासून पुढचे लेखन नव्या नियमांप्रमाणे छापावे, असा त्याचा आशय आहे. जुने आणि नवे यांच्या सीमेवर नियमकर्त्यांनी उभी केलेली ही दोन माणसे होत.

या दोन्ही नावांचा रत्नागिरीशी ऋणानुबंध आहे. 'निबंधमाला' १८७४ मध्ये सुरू करून मराठी निबंधाला प्रौढ रूप देणारे चिपळूणकर सरकारी नोकरीत असताना रत्नागिरीच्या शाळेत शिक्षक होते. त्या नोकरीचा राजीनामा देऊन त्यांनी १८८० मध्ये सहकाऱ्यांसह पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. याच शाळेतून केशवसुत पुढे मॅट्रिक झाले आणि त्यांनीही शिक्षकी पेशा पत्करला. केशवसुतांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ मध्ये प्रसिद्ध झाले; मराठी व्याकरणावरील तो आजही एक आधारभूत ग्रंथ मानला जातो. एका भावाने कवितेचे जुने साचे मोडले, तर दुसऱ्याने भाषेचे नियम शोधून मांडले. लेखनाला या दोन्ही वृत्तींची गरज असते. प्रश्न एवढाच की, निबंध तपासताना त्यांपैकी आधी कोणती यावी?

लाल शाईचे दोन परिणाम

आपल्याकडे निबंध तपासण्याची रूढ पद्धत म्हणजे लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करणे, खाली 'अक्षर सुधारा' असा शेरा मारणे आणि गुण देणे. वर्गात साठ मुले आणि हाताशी दोन तास असतील, तर शिक्षकांना याहून अधिक करणे अवघडच. तथापि, या पद्धतीचे दोन परिणाम होतात. पहिला असा की, चुका दुसऱ्याने दुरुस्त केल्यामुळे त्या मुलाच्या हाताला वळण लागत नाही. पुढच्या निबंधात त्याच चुका पुन्हा येतात. दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. ज्याच्या वहीचे पान लाल होते, ते मूल सावध होते. जे शब्द चुकण्याची भीती वाटते ते वापरणेच ते सोडून देते आणि मार्गदर्शक पुस्तकातील पाठ केलेली, बिनचूक वाक्ये लिहू लागते. शुद्धलेखन सुधारल्याचा भास होतो, पण लेखन मात्र संपलेले असते.

यावर उपाय म्हणजे शुद्धलेखनाचा आग्रह सोडणे नव्हे, तर कामाचा क्रम बदलणे. निबंधाची तपासणी हे एक काम नसून ती तीन स्वतंत्र वाचने आहेत. पहिले आशयाचे, दुसरे वाक्यांचे व वस्तुस्थितीचे आणि तिसरे लेखननियमांचे. पहिल्या दोहोंतून पुनर्लेखन घडते. तिसरे ते मुद्रितशोधन. छापखान्यातही आधी संपादकीय संस्कार होतात आणि मग मुद्रिते तपासली जातात. जे वाक्य पुढे गाळावयाचे आहे, त्यातील वेलांट्या सुधारत बसणे म्हणजे पाडावयाच्या भिंतीला रंग देण्यासारखे आहे.

एक नमुना

हा क्रम प्रत्यक्षात कसा चालतो, हे पाहण्यासाठी नववीतील विद्यार्थ्याच्या सहलीवरील निबंधाचा एक काल्पनिक नमुना घेऊ. त्यातील चुका मुद्दाम तशाच ठेवल्या आहेत.

"आमच्या शाळेची सहल गणपतीपुळेला गेली होती. गणपतिपुळे हे निसर्गाच्या कुशीत वसलेले एक निसर्गरम्य ठीकाण आहे. आम्ही सकाळी लवकर उठलो, आंघोळ केली, बसमध्ये बसलो आणी गाणी म्हटली. मंदीर खूप सुंदर आहे. केशवसूतांचे जन्मगाव असलेल्या गणपतीपुळे येथे त्यांचे स्मारक आहे. एकीकडे डोंगर आणि दर्या तर दूसरीकडे अथांग समुद्र. सरानी पाण्यात जाऊ नका सांगितले होते पण लाट आली आणि पायाखालची वाळू सरकली, मी मित्राचा हात धरला. मग जेवण झाले. अशा प्रकारे आमची सहल आनंदात पार पडली. सहलीमुळे ज्ञानात भर पडते."

पहिले वाचन : हातात पेन नको

पहिल्या वाचनाच्या वेळी तपासणाऱ्याने हातात पेन घेऊच नये. निबंध सरळ वाचावा आणि एकच प्रश्न मनात ठेवावा : यातील कोणते वाक्य या मुलाखेरीज दुसऱ्या कोणालाही लिहिता आले नसते?

वरील उताऱ्यात असे वाक्य एकच आहे. 'पायाखालची वाळू सरकली, मी मित्राचा हात धरला.' बाकीची वाक्ये सहलीला न जाताही लिहिता आली असती. निसर्गाची कूस, मनाची प्रसन्नता, ज्ञानात पडणारी भर ही सर्व पुस्तकी मालमत्ता होय. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर पाण्यात उतरणे धोक्याचे मानले जाते. त्यामुळे त्या एका वाक्यात भीती, आज्ञाभंग आणि मैत्री असे तिन्ही आहे. परंतु मुलाने ते वाक्य जेवणाच्या आधी घाईने उरकून टाकले, कारण निबंधात असे काही लिहावयाचे असते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नाही. नेहमीच्या पद्धतीने तपासले असते, तर या वाक्यावर 'सरानी' या शब्दाभोवती एक लाल गोल तेवढा उमटला असता.

येथे तपासणाऱ्याने दुरुस्ती न करता प्रश्न विचारावेत. लाट कुठवर आली होती? वाळू सरकताना पायाला काय जाणवले? हात धरल्यावर मित्र काय म्हणाला? सर कुठे होते? या प्रश्नांची उत्तरे समासात त्रोटक लिहून घ्यावीत आणि मग सांगावे की, निबंध येथून सुरू कर. उठणे, आंघोळ आणि बस यांची वाक्ये आपोआप गळून पडतील. पूर्वी पोथीतील चुकीचा मजकूर झाकण्यासाठी त्यावर हरताळ हा पिवळा पदार्थ लावीत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार त्यातूनच आला. कोणत्या मजकुरावर हरताळ फासावयाचा, हे मात्र लेखकानेच ठरवावे. तपासणाऱ्याने केवळ बोट दाखवावे.

दुसरे वाचन : खरे आहे का? कळते आहे का?

मुलाने दुसरा खर्डा लिहून आणल्यावर दुसरे वाचन करावे. यात आधी वस्तुस्थिती पाहावी. नमुन्यात केशवसुतांचे जन्मगाव आणि स्मारक गणपतीपुळ्यात असल्याचे लिहिले आहे; ते मालगुंडास आहे. सहलीची बस एकाच दिवशी दोन्हीकडे थांबली म्हणून ही गफलत झाली असावी. शुद्धलेखनाची तपासणी ही चूक कधीच पकडणार नाही, कारण त्या वाक्यातील 'गणपतीपुळे' हा शब्द शुद्धच लिहिलेला आहे. केशवसुतांची जन्मतारीख निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळी दिलेली आढळते. अशा वेळी एखादी तारीख ठोकून देण्यापेक्षा '१८६६' हे वर्ष तेवढे द्यावे. जेवढे निश्चित ठाऊक आहे तेवढेच लिहावे, ही शिस्त निबंधाच्या निमित्ताने शिकवता येते.

त्यानंतर वाक्ये पाहावीत. त्यासाठी सर्वांत सोपी युक्ती म्हणजे निबंध मोठ्याने वाचणे. 'निसर्गाच्या कुशीत वसलेले निसर्गरम्य ठिकाण' हे डोळ्यांना खटकत नाही. कानाला मात्र लगेच खटकते. 'जाऊ नका सांगितले होते' यात 'असे' राहून गेले आहे, हेही वाचणाऱ्याची जीभ अडखळली की कळते. जेथे श्वास पुरत नाही तेथे वाक्य तोडावे, जेथे ऐकणारा 'म्हणजे?' असे विचारील तेथे एक वाक्य वाढवावे.

बोलीचा प्रश्नही येथेच सोडवावा. कोकणातील मुलाच्या निबंधात आजीचे किंवा नावाड्याचे बोलणे बोलीत आले, तर ते प्रमाण मराठीत बदलण्याची सवय अनेकांना असते. ती अनाठायी आहे. पात्राच्या तोंडी स्वाभाविक उच्चारांची वाक्ये घालण्यास लेखनविषयक नियमांनीच मुभा दिली आहे. निवेदनात 'असे केले' आणि संवादात 'असं केलं' ही व्यवस्था त्यातूनच आली. तीच गोष्ट स्थानिक शब्दांची. समुद्रकाठच्या वाळूला 'पुळण' हा नेमका शब्द आहे आणि 'पुळे' या ग्रामनामाचा संबंधही त्याच्याशी जोडला जातो. मुलाने 'पुळण' लिहिले असेल तर ते खोडून 'बीच' किंवा 'सागरकिनारा' करणे ही दुरुस्ती नव्हे, हानी आहे.

तिसरे वाचन : आता वेलांटी

आशय ठरला, वाक्ये स्थिरावली, की मगच मुद्रितशोधकाची दृष्टी लावावी. नमुन्यातील चुका पाहिल्या, तर शुद्धलेखनाचे बहुतेक महत्त्वाचे नियम त्यांतूनच समजावून देता येतात.

'गणपतीपुळेला' हे चूक, 'गणपतीपुळ्याला' हे बरोबर. एकारान्त नामाला प्रत्यय लागताना त्याचे 'या'कारान्त रूप होते. पुणे-पुण्याला, ठाणे-ठाण्याला, तसेच हे.

'मंदीर' नव्हे, 'मंदिर'. मराठी अकारान्त शब्दांत शेवटून दुसरे अक्षर दीर्घ असते, जसे गरीब, वकील, फूल. परंतु संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मुळाप्रमाणे राहतात. म्हणून मंदिर, मधुर, गुण. दुकानांच्या पाट्यांवरचे 'मंदीर' पाहून पाहून मुलांचा हात तसा वळतो.

'केशवसूत' नव्हे, 'केशवसुत'. 'सुत' म्हणजे पुत्र. कवीच्या वडिलांचे नाव केशव, म्हणून हे टोपणनाव. दीर्घ ऊकार दिला तर कापसाचे 'सूत' होते. येथे नियम पाठ करण्यापेक्षा शब्दाचा अर्थ ठाऊक असणे अधिक उपयोगी पडते.

'सरानी' नव्हे, 'सरांनी'. अनेकवचनी नामाला प्रत्यय लागताना अनुस्वार येतो आणि आदरार्थी बहुवचनालाही तोच नियम लागू आहे. मराठीत गुरुजनांविषयीचा आदर असा एका टिंबात सामावलेला असतो.

'आणी' नव्हे, 'आणि'. मराठी शब्दांच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ लिहावेत हा नियम, 'आणि' व 'नि' हे त्याला अपवाद. 'ठिकाण' आणि 'दुसरी' या शब्दांतील पहिले अक्षर ऱ्हस्व आहे.

सर्वांत फसवी चूक मात्र 'डोंगर आणि दर्या' ही. 'दर्या' म्हणजे समुद्र. डोंगरांमधल्या त्या 'दऱ्या'. मुलाने लिहिलेल्या वाक्याचा अर्थ 'एकीकडे डोंगर आणि समुद्र, तर दुसरीकडे समुद्र' असा होतो. संगणक किंवा मोबाइलमधील शुद्धलेखन तपासणीला हे दोन्ही शब्द शुद्धच वाटतील. वाक्याचा अर्थ जाणणाऱ्या वाचकालाच ही चूक सापडते. यंत्राची मदत जरूर घ्यावी, पण तिच्यावर विसंबू नये, ते यासाठीच.

चूक डोळ्याला दिसावी कशी?

स्वतःच्या लेखनातील चुका स्वतःला दिसत नाहीत, कारण आपण पानावरचे अक्षर न वाचता मनातला मजकूर वाचत असतो. व्यावसायिक मुद्रितशोधकांनी यावर काही युक्त्या योजल्या आहेत. लिहून झाल्यावर किमान एक रात्र जाऊ द्यावी. शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करून वर वाचत यावे. अर्थाचा ओघ तुटला की अक्षरे सुटी दिसू लागतात. ओळीखाली पट्टी धरावी. एका वेळी एकाच प्रकारची चूक शोधावी; एकदा केवळ अनुस्वार, एकदा केवळ ऱ्हस्व-दीर्घ. जुन्या छापखान्यांत एक जण मूळ प्रत मोठ्याने वाची आणि दुसरा मुद्रितावर नजर ठेवी. वर्गातील दोन मित्रांना हेच करता येईल.

खुणाही शिकवाव्यात. शब्द राहिला तेथे काकपद, शब्दांची अदलाबदल झाली तेथे वळणाची रेघ, नवा परिच्छेद हवा तेथे उभी खूण. तपासणाऱ्याने योग्य रूप लिहून न देता चुकीच्या ओळीसमोर समासात केवळ एक टिंब द्यावे आणि ओळीत चूक कोणती, हे मुलालाच शोधू द्यावे. शोधलेला शब्द वहीच्या शेवटच्या पानावर उतरवावा. वर्षभरात त्या पानावर जमणारी यादी हा त्या मुलाचा स्वतःचा शुद्धलेखनकोश होय. शंका आल्यास मो. रा. वाळंबे यांचे 'सुगम मराठी व्याकरण व लेखन' किंवा अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' ही पुस्तके हाताशी असावीत.

परीक्षेत अर्थातच तीन वाचनांना अवकाश नसतो. तेथे आधी दोन मिनिटे मुद्द्यांसाठी आणि शेवटची पाच मिनिटे आपल्या नेहमीच्या तीन-चार चुका शोधण्यासाठी राखावीत. कोणत्या चुका शोधावयाच्या, हे त्या शेवटच्या पानामुळे आधीच ठाऊक झालेले असते.

निबंध कोणाचा?

मदत कुठे थांबवावी, हा यातील सर्वांत नाजूक प्रश्न आहे. पालकांनी सुधारता सुधारता निबंध स्वतःच लिहून टाकणे नवे नाही. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने क्षणार्धात निर्दोष निबंध पुढे ठेवतात. त्यात 'आणी' नसेल आणि 'मंदीर'ही नसेल. परंतु ते साधन गणपतीपुळ्याच्या पुळणीवर उभे राहिलेले नाही आणि त्याच्या पायाखालची वाळू सरकलेली नाही. एक कसोटी ठेवावी : तपासणाऱ्याने सुचवलेला प्रत्येक बदल का केला, हे मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे. जो बदल सांगता येत नाही, तो त्याचा नव्हे.

या क्रमाने गेल्यास नमुन्यातील निबंधाचा आरंभ कदाचित असा होईल :

"पाण्यात उतरू नका, असे सरांनी बजावले होते. पण ओल्या वाळूवर उभे राहायला काय हरकत आहे, असे मला वाटले. लाट घोट्यापर्यंत आली तेव्हा गंमत वाटली. परत जाताना मात्र तिने टाचांखालची वाळू ओढून नेली आणि मी उभ्या जागी एकदम बुटका झालो. मी मित्राचा हात घट्ट धरला. त्याचाही हात थंडगार पडला होता. मागे वळून पाहिले, तर गणपतीच्या देवळाचा कळस होता तिथेच होता. सरकली होती ती फक्त आमच्या पायाखालची पुळण."

या परिच्छेदात एखादी वेलांटी चुकली असती, तरी ती दुरुस्त करण्यास अर्धे मिनिट पुरले असते. पहिल्या खर्ड्यातील सर्व वेलांट्या अचूक असत्या, तरी त्यातून हा परिच्छेद निघाला नसता. शुद्धलेखन हा वाचकाविषयीचा आदर आहे आणि तो शिकवलाच पाहिजे. परंतु आदराने वाचकाच्या हाती द्यावे असे काहीतरी मुलाजवळ आधी असावयास हवे. ते असतेच. बहुधा वहीच्या मध्यावर, घाईने लिहिलेल्या एखाद्या ओळीत ते दडलेले असते. तपासणाऱ्याची नजर आधी तेथे गेली पाहिजे.